मावशींचा महिना

पनवेलच्या एस.टी. स्थानकाकडून जुन्या गावात शिरताना विजेच्या खांबांवर हाताएवढ्या जाहिराती चिकटवलेल्या दिसतात. 'हॉस्पिटलसाठी मावशी, वॉर्डबॉय पाहिजेत. अनुभवाची अट नाही. पगार समक्ष.' खाली एक मोबाइल नंबर. त्याच खांबावर घरभाड्याची जाहिरात असते, तिच्यात भाडे आणि डिपॉझिट दोन्ही आकड्यांत छापलेले असते. क्लासची फीही छापलेली असते. पगार तेवढा समक्ष. हा समक्ष सांगितला जाणारा आकडा किती, आणि त्यात पनवेलात महिना निघतो का, एवढाच या लेखाचा विषय आहे.

मी अर्थशास्त्राचा पदवीधर नाही. व्यापाऱ्यांची खातेवही लिहिणे हा माझा पोटाचा धंदा. दुसऱ्याच्या दुकानाचा ताळेबंद जुळवता जुळवता घरांचेही ताळेबंद असतात आणि ते कुणी जुळवत नाही, हे लक्षात आले, आणि तेव्हापासून कामकरी घरांच्या खर्चाच्या वह्या पाहायचा नाद लागला. पुढे जे आकडे येतील त्यांत एका घराची वही आहे. ती पाहणी नव्हे, नमुना सर्वेक्षण नव्हे. एका बाईने स्वतःच्या हाताने लिहिलेला एक महिना, इतकीच त्याची योग्यता. पण दुकानाची तब्येत कळायला पुष्कळदा एक महिन्याची खतावणी पुरते.

आधी ही मावशी कोण, ते पाहू. दवाखान्यात पांढऱ्या किंवा निळ्या कपड्यांत वावरणारी प्रत्येक बाई आपल्याला 'सिस्टर' वाटते. तसे नसते. दोन वर्षांचा ए.एन.एम., तीन वर्षांचा जी.एन.एम. किंवा बी.एस्सी. नर्सिंग पूर्ण करून महाराष्ट्र परिचर्या परिषदेकडे नोंदणी झालेली ती परिचारिका. तिच्याखाली, छोट्या दवाखान्यांत, एक मधला थर असतो: दहावी-बारावी झालेल्या, सहा महिन्यांचा किंवा वर्षाचा कुठला तरी कोर्स केलेल्या, नाहीतर डॉक्टरांच्याच हाताखाली शिकून तयार झालेल्या मुली. त्यांनाही सिस्टर म्हणतात. आणि त्याखाली मावशी आणि मामा. कागदावर त्यांना आया, वॉर्डबॉय, रुग्ण सहायक, अटेंडंट असे काहीही म्हणोत, हाक मारताना मावशी. बेडपॅन देणे, डायपर बदलणे, अंग पुसणे, चादरी बदलणे, पेशंटला एक्स-रेला नेणे, नळीतून पातळ जेवण द्यायला सिस्टरला मदत करणे, रात्री सलाइन संपत आले की धावत जाऊन सांगणे, आणि पेशंट गेला तर त्याला शेवटचे नीट बांधून देणे ही सगळी तिची कामे. फरशी पुसायला वेगळी बाई नसेल तर तेही.

'आया' हा शब्द पोर्तुगीजांकडून आपल्याकडे आला. 'मावशी' मात्र आपला, घरचा. मला या शब्दाविषयी जरा शंका आहे. नात्याने हाक मारली की माणूस जवळचे होते हे खरे. पण नात्यातल्या माणसाला पगार विचारायचा नसतो, त्याचे तास मोजायचे नसतात, हेही त्याच शब्दाबरोबर येते. डॉक्टरांना कुणी काका म्हणत नाही.

आजाऱ्याची सेवा हे बाईचे पुण्यकर्म, त्याचे मोल काय करायचे, ही समजूत जुनी आहे. १९०९ साली पुण्यात रमाबाई रानडे यांच्या पुढाकाराने सुरू झालेल्या सेवासदनाने विधवांना परिचारिकेचे शिक्षण घ्यायला पुढे आणले, तेव्हा परक्या माणसाचे अंग पुसायचे का, हा प्रश्न होताच. त्या पिढीने तो शिक्षण आणि नोंदणीच्या जोरावर मागे सारला. परिचारिका हा मानाचा व्यवसाय झाला. पण अंग पुसायचे काम संपले नाही, ते एक पायरी खाली सरकले, आणि त्याच्याबरोबर तो जुना संकोचही.

आता पनवेल. १८५२ सालची नगरपालिका १ ऑक्टोबर २०१६ रोजी महानगरपालिका झाली आणि खारघर, कामोठे, कळंबोली, नवीन पनवेल ही सिडकोची उपनगरे तिच्यात आली. कळंबोलीहून मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग निघतो, पळस्पे फाट्यावरून गोव्याचा रस्ता फुटतो, उरणकडून कंटेनरची रांग येते. जिथे एवढे रस्ते मिळतात तिथे हाडांचे दवाखाने निघतात, हे सांगायला संशोधक लागत नाही. कामोठ्याला मोठे वैद्यकीय महाविद्यालय आहे, खारघरला टाटा स्मारकाचे कर्करोग संशोधन केंद्र आहे, पनवेलला सरकारी उपजिल्हा रुग्णालय आहे. पण गावाची खरी वैद्यकीय कणा म्हणजे दहा, वीस, तीस खाटांची खाजगी रुग्णालये. एखाद्या इमारतीच्या पहिल्या-दुसऱ्या मजल्यावर, खाली औषधांचे दुकान, शेजारी रक्त तपासायची लॅब. मावश्यांची नोकरी मुख्यतः इथे.

या मावश्या राहतात कुठे? महापालिकेच्या हद्दीत भाडे परवडत नाही, म्हणून हद्दीला लागून असलेल्या सुकापूर, विचुंबे, आकुर्ली, नेरे या गावांत. काही जणी कर्जत-खोपोलीकडून, काही पेणकडून एस.टी.ने येतात. मार्च २०२३ पासून एस.टी.त बायकांना अर्धे तिकीट झाले तेव्हापासून लांबून येणे थोडे सोपे झाले, असे त्या सांगतात.

ज्या वहीविषयी मी बोलतो आहे ती सुकापूरच्या एका घरातली. चाळिशीच्या आतली बाई, दोन शाळकरी मुले, तिची आई. नवरा नाही. वही म्हणजे मुलाच्या जुन्या वहीतली उरलेली पाने. "दादा, यात लपवण्यासारखं काही नाही, पण नाव नका घालू," एवढीच त्यांची अट. महिना ऑगस्टचा. जूनमध्ये शाळेचा खर्च अंगावर येतो आणि दिवाळीत सणाचा, म्हणून मी मुद्दाम मधला, सपाट महिना निवडला.

पगार १२,००० रुपये, हातात रोख. ड्युटी सकाळी आठ ते रात्री आठ, नाहीतर रात्री आठ ते सकाळी आठ. आठवड्याला एक सुट्टी. म्हणजे महिन्याला २६ ड्युट्या.

खर्च असा. खोलीचे भाडे ५,५००. विजेचे ७००, मीटर घरमालकाचा, तो युनिटला आपला दर लावतो. गॅस सिलिंडर ८५२ रुपये ५० पैशांचा, तो दीड महिना ओढायचा, म्हणजे महिन्याला ५७० धरू. रोज अर्धा लिटर दूध, ९००. धान्य आणि किराणा ३,२००. भाजी, अंडी, आठवड्यातून एकदा सुकी किंवा ओली मासळी मिळून १,८००. शेअर रिक्षाने जाणे-येणे दिवसाला ४०, म्हणजे १,०४०. मुलांचा क्लास आणि वह्या-पेने १,४००. मोबाइल ३५०. आईच्या रक्तदाबाच्या आणि साखरेच्या गोळ्या ६००. बचत गटाच्या कर्जाचा हप्ता १,५००. बेरीज १७,५६०.

या यादीत कपडे नाहीत. चप्पल नाही. लग्नातला आहेर नाही, सिनेमा नाही, आजारपण नाही. किराण्यात तेल किती, डाळ किती हे मी विचारले तेव्हा कळले की डाळ आठवड्यातून चार दिवस असते. म्हणजे हा उधळपट्टीचा महिना नव्हे. जमेला पगाराचे १२,००० आणि मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण योजनेचे १,५०० धरून १३,५०० होतात. तूट ४,०६०.

ही तूट कशी भरते, ते वहीच्या मागच्या पानावर आहे. महिन्यातून सहा वेळा 'डबल': दिवसपाळी करून तशीच रात्रपाळी, कारण दुसरी मावशी आली नाही. डबलचे ४६० मिळतात, म्हणजे सरळ दराने. झाले २,७६०. आणि चार सुट्ट्यांपैकी दोन सुट्ट्यांना खारघरच्या एका घरी अंथरुणाला खिळलेल्या आजींना सांभाळायचे, दिवसाचे ७००. झाले १,४००. एकूण ४,१६०. महिना अखेरीस शंभर रुपये शिल्लक. माझ्या व्यापारी अशिलांपैकी फार थोड्यांचा ताळेबंद इतका अचूक जुळतो.

पण आता पैसे सोडून तास मोजू. २६ ड्युट्या बारा तासांच्या, म्हणजे ३१२ तास. सहा डबलचे ७२. सुट्टीतल्या दोन कामांचे २४. एकूण ४०८ तास. तीस दिवसांच्या महिन्यात तासच ७२० असतात. आठ तासांचे २६ दिवस भरणारा माणूस महिन्याला २०८ तास काम करतो. म्हणजे या घरात एक बाई जवळजवळ दोन माणसांइतके काम करते तेव्हा एका घराचा, डाळ चार दिवस असलेला, महिना निघतो. मूळ पगाराला तिच्या ड्युटीच्या तासांनी भागले तर तासाला ३८ रुपये ४६ पैसे पडतात. रोजच्या रिक्षाला एक तासाहून थोडे अधिक काम लागते.

इथे कायदा काय म्हणतो? किमान वेतन कायदा १९४८ सालचा, तो २०२५ पर्यंत लागू होता. कोणकोणत्या धंद्यांना तो लागू, याची अनुसूची असे, आणि महाराष्ट्राच्या अनुसूचीत रुग्णालयेही होती. दर कुशल, अर्धकुशल, अकुशल असे तीन, आणि क्षेत्रानुसार परिमंडळे वेगळी. मूळ दरावर विशेष भत्ता असतो. तो ग्राहक किंमत निर्देशांकाला बांधलेला, आणि जानेवारी व जुलैत बदलतो. म्हणून किमान वेतनाचा आकडा भिंतीवर कायमचा लिहून ठेवता येत नाही, दर सहा महिन्यांनी बघावा लागतो. दवाखान्याचे व्यवस्थापक या आकड्याविषयी बोलायला तयार असतात. "आम्ही किमान वेतन देतो," असे ते म्हणतात, आणि महिन्याचा आकडा दाखवतात. तासांविषयी मात्र कुणी बोलत नाही.

आठवड्याचे कामाचे तास ४८ आणि त्यावरच्या कामाला दुप्पट दर, ही तर आपल्याकडच्या कामगार कायद्यांची जुनी रीत. बारा तासांच्या सहा ड्युट्या म्हणजे आठवड्याला ७२ तास. वरचे २४. हे २४ तास दुप्पट दराने मोजायचे, म्हणजे ४८ तासांचे पैसे. ज्याने ४८ तासांसाठी जेवढा पगार ठरवला त्याला आणखी ४८ तासांचा द्यावा लागतो. म्हणजे बारा तासांची ड्युटी कायद्याने मोजली तर पगार बरोबर दुप्पट होतो. थोडा जास्त, साधारण जास्त असे नव्हे, बरोबर दुप्पट. १२,००० हा आठ तासांचा पगार धरला तर बारा तासांचा २४,००० व्हायला हवा. मी ही आकडेमोड पहिल्यांदा केली तेव्हा ती इतकी गोल आली म्हणून परत करून पाहिली.

उत्तर ठरलेले असते: बारा तास काही सलग काम नसते, मध्ये बसायला मिळते, रात्री डुलकी घेता येते. काही रात्री ते खरेही असते. पण दुकानात गिऱ्हाईक नसते तेव्हा नोकर बसतोच, त्याचा तेवढा पगार कुणी कापत नाही.

दुसरी अडचण 'अकुशल' या शब्दाची. मी पाहिलेल्या पगारपत्रकांवर मावशींपुढे हाच शब्द असतो. अंथरुणाला खिळलेल्या माणसाला दर दोन तासांनी कुशीवर वळवले नाही तर पाठीला, कंबरेला जखमा होतात. वळवताना फ्रॅक्चरचा पाय, लघवीची नळी, सलाइनची सुई तिन्ही सांभाळायचे असते. २०१६ च्या जैववैद्यकीय कचरा नियमांनुसार रक्ताळलेला बोळा पिवळ्या पिशवीत, सलाइनची नळी लाल पिशवीत, सुई पांढऱ्या डब्यात, काच निळ्या खोक्यात जायची असते. हे वर्गीकरण रात्री तीन वाजता कोण करते? त्याच नियमांत या कामगारांना प्रशिक्षण आणि कावीळ 'ब'ची लस देण्याचे बंधन आहे. ज्या कामाला प्रशिक्षण देणे सक्तीचे, ते अकुशल कसे? केईएम रुग्णालयात अरुणा शानबाग ४२ वर्षे अंथरुणावर होत्या आणि त्यांना झोपून होणाऱ्या जखमा होऊ दिल्या नाहीत, याची दखल सर्वोच्च न्यायालयाने घेतली. ते श्रेय तिथल्या परिचारिकांचे आहे. पण त्या सेवेचा मोठा भाग म्हणजे वळवणे, पुसणे, कोरडे ठेवणे. पनवेलच्या पगारपत्रकावर हेच काम अकुशल म्हणून नोंदलेले असते.

जगायला किती लागते हे मोजायचा उद्योग आपल्याकडे नवा नाही, आणि त्यात मुंबईचा वाटा मोठा आहे. दादाभाई नौरोजींनी १८७६ मध्ये हिंदुस्थानच्या दारिद्र्यावर निबंध वाचला तेव्हा त्यांनी एक साधी मोजपट्टी घेतली: तुरुंगातल्या कैद्याला पोसायला सरकारला किती खर्च येतो? सरासरी हिंदी माणसाचे उत्पन्न त्याहूनही कमी भरते, हे त्यांनी सरकारच्याच आकड्यांवरून दाखवले. पुढे १९२३ मध्ये मुंबई सरकारच्या लेबर ऑफिसने गिरणी कामगारांच्या घरखर्चाची पाहणी छापली. तिच्यातही तुरुंग आलाच: कामगाराच्या पोटात जाणारे धान्य मुंबईच्या जेल मॅन्युअलमध्ये कैद्याला ठरवून दिलेल्या आहारापेक्षा कमी होते. ही पाहणी गोऱ्या अधिकाऱ्यांच्या कचेरीने केली होती, हे विशेष.

१९५७ च्या पंधराव्या भारतीय श्रम परिषदेने गरजांवर आधारित किमान वेतनाची व्याख्या केली. पोषणतज्ज्ञ डॉ. एक्रॉइड यांच्या हिशेबाप्रमाणे प्रौढ माणसाला २,७०० कॅलरी. कुटुंबाला वर्षाला ७२ वार कापड. सरकारी औद्योगिक घरांच्या किमान क्षेत्रफळाइतके भाडे. आणि इंधन, दिवाबत्ती, किरकोळ खर्चासाठी एकूण वेतनाच्या २० टक्के. १९९१ मध्ये रेप्टाकोस ब्रेट खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने यात मुलांचे शिक्षण, औषधपाणी, सणवार, म्हातारपण, लग्नकार्य यांसाठी आणखी २५ टक्के घालायला सांगितले. सुकापूरच्या वहीत जे नाही असे मी वर म्हटले, ते जवळजवळ सगळे या २५ टक्क्यांत आहे.

१९५७ च्या सूत्रातली एक गोष्ट मात्र फारशी बोलली जात नाही. त्यात कुटुंब तीन घटकांचे धरले आहे: कमावता पुरुष एक, बायको शून्य दशांश आठ, दोन मुले प्रत्येकी शून्य दशांश सहा. बायकोची कमाई हिशेबात धरायची नाही, असेही त्यात म्हटले आहे. हेतू चांगला होता. पुरुषाच्या एका पगारात घर चालले पाहिजे, बायकोला नाइलाजाने कामाला जावे लागू नये, असा. पण मूळ चित्र कमावत्या पुरुषाचेच राहिले. बाईचा पगार म्हणजे वरकड, हातभार. सुकापूरच्या घरात हातभार लावायला दुसरा हातच नाही. शिवाय वृद्ध आई सूत्रात कुठेच बसत नाही. २०१९ साली अनुप सत्पथी यांच्या अध्यक्षतेखालील तज्ज्ञ समितीने कुटुंब ३.६ घटकांचे धरावे असे सुचवले. त्यात घरातले म्हातारे माणूस येऊ शकते. या समितीने जुलै २०१८ च्या किमतींनुसार देशासाठी दिवसाला ३७५ रुपये, म्हणजे महिना ९,७५० सुचवले, आणि शहरी कामगाराला घरभाड्यापोटी महिना १,४३० रुपयांपर्यंत वेगळे. दोन्ही मिळून ११,१८०. ते २०१८ चे, आठ तासांचे. सुकापूरचे १२,००० आजचे, बारा तासांचे. आणि १,४३० रुपयांत सुकापूरला खोली सोडा, खोलीच्या पुढची पडवी मिळणार नाही.

तुलनेला सरकारी दवाखाना घेऊ. तिथे कक्षसेवक हे 'गट ड' मधले पद आहे. सातव्या वेतन आयोगानुसार राज्य शासनात त्याचे मूळ वेतन १५,००० पासून सुरू होते; त्यावर महागाई भत्ता पन्नास टक्क्यांहून अधिक, घरभाडे भत्ता वेगळा, पाळी आठ तासांची. म्हणजे पहिल्या महिन्यापासून २२,५०० च्या वरच. काम तेच. रस्ता ओलांडला की पगार निम्मा आणि तास दीडपट.

परिचारिकांसाठी निदान एक समिती झाली. ट्रेन्ड नर्सेस असोसिएशन ऑफ इंडियाच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१६ मध्ये निर्देश दिले आणि केंद्राने नेमलेल्या समितीने खाजगी रुग्णालयांसाठी शिफारशी केल्या: २०० हून अधिक खाटा असतील तर राज्य सरकारी परिचारिकेइतका पगार, १०० हून अधिक असतील तर फार तर दहा टक्के कमी, ५० ते १०० असतील तर फार तर पंचवीस टक्के कमी, आणि ५० हून कमी खाटांच्या रुग्णालयातही निदान २०,००० रुपये. पनवेलचे बहुसंख्य दवाखाने या शेवटच्या पायरीवरचे. पण या शिफारशी नोंदणीकृत परिचारिकांच्या. मधल्या थरातली 'हॉस्पिटल ट्रेन्ड' मुलगी आणि मावशी या दोघी तिच्याबाहेर राहिल्या. माझा असा कयास आहे की यामुळे मधल्या थराची मागणी वाढण्याकडेच कल राहतो. नोंदणीकृत परिचारिका महाग म्हणून तिचे काम न-नोंदणीकृत मुलगी करते, तिचे काम मावशी करते, आणि मावशीचे काम मावशीच करते.

आणखी एक गोष्ट या वहीमुळे माझ्या ध्यानात आली. वर्षाला १,४४,००० हे उत्पन्न सरकारदरबारी गरिबीचे नाही. १९९९ पासून आपल्याकडे तीन रंगांच्या शिधापत्रिका आहेत. केशरी कार्डाची वरची मर्यादा एक लाख. त्याच्या वर गेले की पांढरे कार्ड. मोफत धान्य मिळणाऱ्या प्राधान्य कुटुंबासाठी तर शहरात वर्षाला ५९,००० आणि गावात ४४,००० ही मर्यादा. शिक्षणहक्क कायद्याच्या २५ टक्के प्रवेशांत आर्थिक दुर्बल घटकासाठीही एक लाखच. म्हणजे पगार खरा दाखवला तर सुकापूरची ही बाई बंगलेवाल्यांच्या रंगाच्या कार्डात बसते. रोखीने, पावतीशिवाय मिळणारा पगार मग दोघांनाही सोयीचा होतो: दवाखान्याला कायद्यापासून, बाईला पांढऱ्या कार्डापासून. "स्लिप मागून काय करू दादा, रेशन जाईल," हे मी त्यांच्याच नव्हे, आणखीही दोघी-तिघींच्या तोंडून ऐकले आहे.

या सोयीची किंमत मात्र एकाच बाजूला पडते. महिना २१,००० पर्यंत पगार असलेल्या, योजना लागू असलेल्या ठिकाणच्या कामगाराला राज्य विम्याचा लाभ मिळतो. त्यासाठी कामगाराच्या पगारातून पाऊण टक्का आणि मालकाचा सव्वातीन टक्के. १२,००० वर हे ९० आणि ३९० रुपये. नव्वद रुपयांत आजारपणाची रजा, बाळंतपण, अपघात, घरच्यांचे औषधपाणी. आईच्या गोळ्यांचे ६०० त्यातूनच सुटले असते. भविष्य निर्वाह निधीचे बारा टक्के, म्हणजे १,४४०, हातातून जाताना टोचतात हे मान्य. शंभर रुपये शिल्लक राहणाऱ्या घरात ते कुठून काढायचे? पण विम्याचे नव्वद टोचण्यासारखे नाहीत. ते नाकारले जातात कारण नोंदणी झाली की बाकीचेही दिसू लागते.

सुट्टीच्या दिवशी खारघरला जातात त्या कामाचाही हिशेब थोडक्यात सांगायला हवा. मुले परदेशात किंवा बंगळुरूला, आई-वडील चौदाव्या मजल्यावर, अशी घरे आता खारघर, कामोठ्यात पुष्कळ. त्यांना माणूस पुरवणारे ब्युरो आहेत. चोवीस तासांच्या कामाला घरमालक ब्युरोला जे देतो आणि बाईच्या हातात जे पडते, त्यांतले अंतर मी एका घरी विचारले. घर २४,००० देत होते. बाईला १८,००० मिळत होते. दर महिन्याला. ती बाई वाशीमकडची, ब्युरोच्या खोलीत गाठोडे ठेवून आलेली. जेवण घरमालकाकडचे. आजींचे जेवण झाले की उरेल त्या वेळात तिने जेवायचे, आणि आजी रात्री चारदा उठतात.

डॉक्टरांची बाजूही आहे. वीस खाटांचा दवाखाना चालवणारा डॉक्टर म्हणजे टाटा-अंबानी नव्हे. जागेचे भाडे, यंत्रांचे हप्ते, विमा कंपन्यांकडे महिनोन् महिने अडकलेली बिले हे मी हिशेबनीस म्हणून जवळून पाहिले आहे. 'पगार वाढवला तर पेशंटला परवडणार नाही,' असे ते म्हणतात, आणि ते मनापासून म्हणतात. म्हणून मी तोही हिशेब करून पाहिला.

वीस खाटा, एका वेळी दोन मावश्या. बारा तासांच्या दोन पाळ्यांना रोज चार जणी लागतात. आठवड्याच्या सुट्ट्या धरून पटावर पाच. प्रत्येकी १२,००० म्हणजे ६०,०००. आता आठ तासांच्या तीन पाळ्या करू. रोज सहा जणी, सुट्ट्या धरून पटावर सात. आणि पगार १८,०००, म्हणजे सुकापूरच्या वहीतला खर्च डबल न करता निघेल इतका. झाले १,२६,०००. फरक ६६,०००. वीसपैकी सरासरी बारा खाटा भरलेल्या असतात असे धरले तर महिन्याचे ३६० खाट-दिवस होतात. दर खाटेमागे दर दिवशी १८३ रुपये.

पनवेलमधल्या अशा दवाखान्यांची काही बिले माझ्यापुढे आहेत. खोलीचे भाडे, डॉक्टरांची व्हिजिट, औषधे, हातमोजे, आणि 'नर्सिंग चार्जेस' अशी स्वतंत्र ओळ, दिवसाला ३०० ते ५००. त्या ओळीतून नोंदणीकृत सिस्टरचाही पगार निघायचा असतो, हे धरूनच बोलतो आहे. हातमोज्यांच्या ओळीत किती जोड्या वापरल्या ते लिहिलेले असते. नर्सिंगच्या ओळीत किती जणी, किती तास, हे लिहिलेले नसते.

मी १८३ चा आकडा दोन डॉक्टरांना दाखवला. एकांनी बारा खाटा भरतात हे गृहीतच फार आशावादी आहे, पावसाळा सोडला तर आठ धरा, असे सुचवले. तसे धरले तर २७५ होतात. दुसऱ्यांनी कागद ठेवून घेतला आणि विचारले, तीन पाळ्या केल्या तर रात्री बारा वाजता सुटलेली मावशी सुकापूरला जाणार कशी? रिक्षा साडेदहानंतर शेअर जात नाही. हा प्रश्न योग्य होता. मी सुकापूरला तोच विचारला. त्या म्हणाल्या, पाळी दोन, दहा आणि सहाची ठेवायची. दहाला सुटलं तर शेवटची शेअर मिळते.